वर चिकणमाती, खाली वाळू

आमच्या शाळेसमोर एक गोदाम आहे. त्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून एक पहारेकरी बसायचा. मी त्याला वर्षभर रोज येता-जाता पाहत होते, पण ओळखत नव्हते. ओळख झाली ती माझ्या वर्गातल्या एका मुलीने मातीच्या तीन पुड्या आणल्या तेव्हा.

धडा चौथीचा. मातीचे प्रकार आणि त्यांचे गुणधर्म. दरवर्षी मी फळ्यावर तीन रकाने आखायचे: वाळूची माती, गाळाची माती, चिकणमाती. मुलं ते उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. त्या वर्षी म्हटलं, निदान माती त्यांच्या हातात तरी येऊ दे. "घराजवळची मूठभर माती आणा," असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाकांवर जे जमलं ते बघून मी डोक्याला हात लावला. कुणी कुंडीतली आणली होती, कुणी रस्त्याच्या कडेची. त्यात खडे, काड्या, बाटलीचं बूच, आणि एका पुडीत तर चांगलं जिवंत गांडूळ. या मुलीच्या पुड्या मात्र वेगळ्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदात नीट घड्या घालून, दोऱ्याने बांधलेल्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं: एक हात, दोन हात, पुरुषभर.

"हे काय लिहिलंय गं?"

"किती खोलीवरची माती ते. काकांच्या डब्यात आहेत अशा पुष्कळ पुड्या. काका म्हणाले, तुझ्या बाईंना सांग, नुसती माती आणा म्हणायचं नसतं. किती खोलवरची ते आधी विचारायचं असतं."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान मात्र टोचले गेले होते.

तिचे काका म्हणजे समोरच्या गोदामाचा पहारेकरी, हे तिच्याकडूनच कळलं. मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून गेले. पन्नाशीचा माणूस, रुंद पंजे, बोटांच्या पेरांमध्ये बुजलेल्या रेषा. "वर्गात येऊन मुलांना माती दाखवाल का?" असं विचारलं, तर ते उठून उभेच राहिले.

"मी सातवी नापास माणूस, बाई. आणि मातीचं काम सोडून वर्ष झालं."

"का सोडलंत?"

"सोडलं," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी उगाच काढून पुन्हा घातली.

दोन दिवस ते नाहीच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी पुतणीने हात धरून आणलं, तेव्हा आले.

खोदकामावर त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांसाठी चर खणायचे, हे त्यांचं काम. चर खाली जाईल तशी दर हातावर एक चिमूट माती घ्यायची, थुंकीने भिजवायची, अंगठा आणि बोटामध्ये वळून बघायची, ही त्यांची सवय. त्यावरून नाव पडलं चिमूटभाऊ. "काय चिमूटभाऊ, मीठ बेताचं आहे ना?" असं माणसं वरून ओरडायची. ते मनावर घेत नसत. माती बघितल्याशिवाय कुणाला खाली उतरवत नसत.

वर्गात आल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना शब्दच सापडेनात. मग त्यांनी पुड्या सोडल्या, आणि माणूस बदलला.

"डोळे मिटा," त्यांनी मुलांना सांगितलं. "आता बोटांनी चोळा. खरखर लागते ती वाळू. तिचे कण मोठे, डोळ्यांना दिसतात. पिठासारखी मऊ लागते तो गाळ. आणि बोट सोडतच नाही, ती चिकणमाती. तिचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत."

मग तिन्ही माती भिजवून घेतल्या. वाळूचा गोळा होईना, झाला तरी बोट लावताच ढासळे. गाळाचा गोळा झाला, पण दोरी वळायला घेतली की तुटे. चिकणमातीची मात्र लांबलचक दोरी झाली, तिची बांगडी झाली, आणि दोन मुलींनी ती हातात घालूनही पाहिली. काचेच्या बाटलीत सगळी माती एकत्र करून पाणी घातलं, जोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. वाळू बघता बघता तळाला बसली. तिच्यावर हळूहळू गाळ. वरचं पाणी गढूळच राहिलं.

"ही चिकण," ते म्हणाले. "हिला खाली बसायला दिवस दिवस लागतात. शेतात असली तर पाणी धरून ठेवते आणि सुकली की हिला भेगा पडतात. वाळूत पाणी ओता, थांबतच नाही. म्हणून झाडांना सगळ्यांचं मिश्रण आवडतं. एकटी कुठलीच पुरत नाही."

मुलं टेबलाभोवती गोळा झाली होती. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, इतकी वर्षं आपण फळा खराब केला.

तेवढ्यात त्यांच्या पुतणीने विचारलं, "काका, बाबांवर यातली कुठली पडली?"

तिचे वडील गेले आहेत, एवढं मला माहीत होतं. कसे, ते माहीत नव्हतं. मी पुढे झाले, पण त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "वर चिकण होती, खाली वाळू. चिकणमाती भिंतीसारखी सरळ उभी राहते. माणसाला वाटतं, ही कसली पडते? पण खालच्या वाळूत पाणी होतं. ती पायाखालून सरकून गेली. मग वरची भिंत अख्खीच्या अख्खी आली."

"मग ते आत कशाला उतरले?" एका मुलाने विचारलं.

"कारण त्यांना कुणीतरी सांगितलं, भिंत उभी राहील."

"कोणी सांगितलं?"

त्यांनी ओले हात विजारीला पुसले. "मी."

पुतणी रडली नाही. ती आपल्या बाकावर जाऊन बसली आणि वहीचं पान उलटून काहीतरी शोधू लागली. ते तिच्या दिशेने दोन पावलं गेले, थबकले, आणि बाहेर पडले.

मी मागोमाग व्हरांड्यात गेले. तिथे खांबाला टेकून त्यांनी उरलेलं सांगितलं. धाकटा भाऊ त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई-वडिलांमागे यांनीच वाढवलेला, यांनीच कामावर लावलेला. बडबड्या, सगळ्यांच्या नकला करणारा. त्या दिवशी चर दीड पुरुष खोल गेला होता. बाजूंना लावायच्या फळ्या आणि टेकू आले नव्हते. यांनी दोनदा मागितले, ठेकेदार दोन्ही वेळा म्हणाला, उद्या येतील, आज काम थांबवू नका. यांनी चिमूट घेतली, पण वरच्याच थराची. चिकट, घट्ट, उत्तम. खालची बघायला उतरणार, एवढ्यात ठेकेदाराने दुसऱ्या टोकाला बोलावलं. भावाने विचारलं, "दादा, उतरू का?" हे चालता चालता म्हणाले, "उतर."

"आणि मग कागद," ते म्हणाले. "चौकशीच्या कागदावर लिहिलं, कामगार परवानगीशिवाय चरात उतरला. ठेकेदार म्हणाला, गेलेला तर परत येत नाही, तुझं नाव आलं तर तुलाही आत टाकतील, मग दोन घरं कोण बघेल? मी सही केली, बाई. त्यानेच मला इथे फाटकावर चिकटवलं."

"भावजयीला माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधीच भावजय आली. इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीचं काम करायची. हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. आवाज शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"मुलगी सांगते ते खरं आहे का, बाई? तुमच्यासमोर बोलले ते?"

"खरं आहे."

"वर्षभर मी मेलेल्या माणसाशी भांडतेय," ती म्हणाली. "कपडे इस्त्री करते आणि मनात त्यांना शिव्या घालते. न विचारता उतरलात, पोरीचा विचार नाही केलात, म्हणून. शेजारीपाजारीही तेच म्हणतात, अंगात मस्ती होती."

ती रस्ता ओलांडून गेली. मी मागे गेले, मला राहवेना. ते खुर्चीतून उठले होते.

"भाऊजी, त्यांनी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"उतर म्हणालो."

"फळ्या नव्हत्या ना?"

"उद्या येणार होत्या."

"मग उद्या उतरवायचं होतं."

तिने पदर आवळून घेतला. "मला हे सांगून तुमचं ओझं हलकं होईल, माझं नाही. जिथे सही केलीत तिथे जाऊन सांगा."

ते चौकशीच्या कचेरीत गेले. अर्ज मी लिहून दिला. एका वाक्यापाशी मी अडले. "खालचा थर बघायला वेळ मिळाला नाही, असं लिहू का?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. बघितला नाही, असं लिहा."

चौकशी पुन्हा उघडायला दोन महिने लागले, संपायला आणखी सहा. अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी फाटकावरची नोकरी गेली. जुन्या सोबत्यांत दोन तट पडले. काही म्हणाले, शहाणपण सुचायला वर्ष लागलं का? काही म्हणाले, कशाला मेलेलं उकरून काढतो? साक्ष द्यायला मात्र दोघेच पुढे आले. फळ्या मागितल्याचं त्यांनी ऐकलं होतं. ठेकेदाराचा परवाना गेला. यांना पाच वर्षं मुकादमकी बंद झाली. ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि अधिकाऱ्याला विचारलं, "एवढंच?"

नवा कागद आला तेव्हा भावजय तो घेऊन माझ्याकडे आली. वाचता तिलाही येत होतं, पण म्हणाली, तुम्ही वाचा. मी वाचला. "मुकादमाच्या सांगण्यावरून चरात उतरला," हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी घातली आणि कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेली. मला वाटलं होतं, ती रडेल.

त्या वर्गानंतर पुतणी तीन आठवडे काकांच्या खोलीत गेली नव्हती. भिंत एक, दारं शेजारी-शेजारी, तरी नाही. मग एके दिवशी भूगोलाचं पुस्तक घेऊन गेली. नकाशातल्या मातीचे रंग तिला समजत नव्हते. काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी मी त्यांना पुन्हा वर्गावर बोलावलं. ते नाही म्हणाले, आणि या वेळी मी आग्रह केला नाही. पुड्या मात्र पाठवून दिल्या. आता ते कौलांच्या कारखान्यात माती चाळतात. सुट्टीच्या दिवशी पुतणी कधीकधी त्यांच्याबरोबर नदीकाठी जाते. भावजय अजून त्यांच्याशी बोलत नाही. दारात उभी राहून मुलीला सांगते, "काकांना सांग, उजेड आहे तोवर तुला घरी आणायचं."

ते तीन हातांच्या अंतरावर उभे असतात. "हो," म्हणतात, तेही मुलीलाच.