डोळे खाणारं काम

कोटाच्या बाहीचं भोक रफूवालीनं बुजवलं की खुद्द मालकाला ते शोधूनही सापडत नसे. पण आता बाईची चाळिशीही सरली नव्हती, तोच दिव्याखाली बसलं की कापडावर धुकं उतरायचं. त्यात दर महिन्याला रक्त काढून घ्यायचं ते वेगळंच!

रक्ताचे डॉक्टर म्हणाले होते, "फेरिटिन भरमसाट वाढलंय. म्हणजे अंगात लोह साठलंय. रक्त काढलं की उतरेल." उतरतंय कसलं? आकडा ढिम्म हलेना, आणि बाईला मात्र दुकानाची पायरी चढताना भोवळ यायची.

"आता काय पिळून दोरीवर वाळत घालणारेत का मला?" ती लेकीवर करवादायची.

डोळ्यांचं मात्र तिला कोडं नव्हतं. तिचे बाबा रफूवालेच, त्यांचेही डोळे ऐन तरुणपणी गेले. हे काम डोळे खातं, असं घरात जो तो म्हणायचा. म्हणून तर तिनं लेकीला सुईला शिवू दिलं नाही. पोर लहानपणी चिंध्यांवर टाके घालायची, तेही आईपेक्षा बारीक. आईनं खसकन सुई ओढून घेतली, गळ्याची शपथ घातली आणि पुढे तिला बस-स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत नोकरीला चिकटवून दिलं. पोर महिनाभर आईशी धड बोलली नव्हती.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे जावंच लागलं. सोबत लेक होती.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि या वयात? घरात आणखी कोणाला झाला होता?"

"बाबांना. ते रफू करायचे ना! आणि आत्याला."

"आत्याही रफू करायच्या?"

"छे हो! आत्या पोहायला शिकवायची," ती म्हणाली आणि तिचा आ वासलेला तसाच राहिला. आत्यानं जन्मात सुई धरली नव्हती. हे तिला कायम ठाऊक होतं, पण कधी डोक्यातच आलं नाही!

डॉक्टरबाईंनी रक्ताचे रिपोर्ट मागितले. "फेरिटिन एवढं, आणि लोह अगदी ठीक? मग रक्त कशाला काढताहेत?" त्यांनी जनुकांची तपासणी करून घेतली. दोष घराण्यातलाच निघाला. लोह साठवणारं फेरिटिन हे प्रथिन अंगात उगाचच जास्त तयार होतं आणि तेच डोळ्याच्या भिंगात साचतं. लोह वाढलेलं नाही, रक्त काढणं बंद. ऑपरेशन केलं की दिसेल. मुलांत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी.

"आणि सुईचा यात काडीचाही दोष नाही," त्या म्हणाल्या.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुकट एवढं रक्त सांडलं! दुकानात येईपर्यंत ती रक्ताच्या डॉक्टरांचा उद्धार करत होती.

"अगं, बोल की काहीतरी!"

"मलाही दिव्यांभोवती किरणं फुटल्यासारखी दिसतात, आई. बरेच दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, चोरून सुई धरतेस." लेकीचा आवाज चढला. "डोळे असेही बिघडणारच होते. काम तेवढं तू माझ्या हातून काढून घेतलंस."

बाईनं कोट पुढ्यात ओढला आणि दोरा ओवायला घेतला. दोरा पुन्हा पुन्हा सुईच्या नेढ्याबाहेरच जात होता. लेकीनं सुई घेतली, एका झटक्यात ओवली.

"बस ना गं. शपथ सुटली म्हण," आई म्हणाली.

लेकीनं सुई कोटाच्या बाहीत खोचली, पिशवी उचलली आणि ती बस-स्थानकाकडे निघून गेली.