तापीपर्यंतचा विमा

तो तपास माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमच्या यांनी सुरतेच्या निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत नोकरी केली आणि ते जमादार म्हणून निवृत्त झाले. चोऱ्या, मारामाऱ्या, पळवापळवी, सगळं त्यांनी जेवताना मला सांगितलं. खबर, जबाब, पंचनामा हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे झाले. पण हा एक तपास आमच्या उधन्याच्या घरातच झाला आणि त्यात संशयितांमध्ये मीही होते. म्हणून तो मीच लिहून ठेवते. नावं कुणाची घालत नाही. यांचं तर मी एरवीही घेत नाही.

दिवाळीत सुरतेचं कापड मार्केट बंद होतं आणि पाडव्यानंतरच्या लाभपाचमीपर्यंत कुणी शटर उघडत नाही. माझा मुलगा पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या दुकानात कामाला आहे. त्याने ठरवलं, यंदा सगळ्यांनी नेपाळला जायचं. सगळे म्हणजे आम्ही दोघं, मुलगा, सून आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. टूरवाल्याने जागा धरल्या आणि म्हणाला, प्रवासाचा विमा काढायचा असेल तर शनिवारपर्यंत सांगा, बाहेरचा देश आहे.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मुलाने विषय काढला.

"विमा घेऊन टाकू. कुणी पडलं, आजारी झालं, किंवा समजा कुणी..."

आत्याबाईंनी पेला खाली आपटला. "चूप! पाय अजून उंबऱ्यात आहे आणि तोंडात काय आणतोस?"

आमच्याकडे ही रीत आहे. प्रवास ठरला की माणसं परत घरी येईपर्यंत मरणाचं, अपघाताचं नाव काढायचं नाही. निघणाऱ्याला कुठे चाललास म्हणून विचारायचं नाही, आणि निघताना "जातो" नाही, "येतो" म्हणायचं. ही रीत आत्याबाईंनी आयुष्यभर पाळली आणि आमच्याकडून पाळून घेतली. त्यामुळे घेऊ की नको हे सगळ्यांनी एकत्र बसून बोलायची सोय राहिली नाही. मग ज्याला बोलायचं तो मला एकटीला गाठून बोलू लागला.

मुलगा जिन्यात म्हणाला, "आई, घेतलेला बरा." मला पटलं. हे गच्चीवर म्हणाले, "मी इतक्या धाडी घातल्या, कधी विमा काढून गेलो का?" मला तेही पटलं. सुनेने भाजी चिरता चिरता हळू आवाजात विम्याचं पत्रक वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आधीपासूनच्या आजारामुळे काही झालं तर पैसे मिळणार नाहीत. आत्याबाईंना बीपी, यांना साखर. म्हणजे जो आजार आहे त्याला विमा नाही, आणि जो नाही त्याला आहे. मी सुनेला म्हटलं, "मग आम्ही तिकडे जाऊन नवा आजार शोधायचा का?" ती तोंडाला पदर लावून हसली. पण माझ्या डोक्यातला गुंता तसाच राहिला. मी चौथी शिकलेली. आधी वाटलं, माझ्या शिक्षणामुळे कळत नाही. पण मुलगा कॉलेजात गेलेला, त्यालाही धड सांगता येईना.

मंगळवारी खबर आली. टूरवाल्याचा फोन होता, यांनी घेतला.

"काका, सब ठीक है ना? ऑफिस के फोन पर एक बेन का फोन आया था. बोली, जमादार के घर से बोलती हूँ. पूछती थी, आदमी उधर ऑफ हो गया तो बॉडी वापस कौन लाता है, विमावाला लाता है क्या. फिर रख दिया."

यांचा चेहरा एकदम ठाण्यातला झाला. फोन ठेवून त्यांनी दाराची कडी लावली.

"बाईचा आवाज. या घरात बाया तीन. मायला फोन लावता येत नाही. उरल्या दोन."

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची ठेवली गेली. यांची पद्धत मला माहीत होती. एकेकाला वेगळं बोलवायचं, आधी चहा द्यायचा, मग विचारायचं. चहा पिताना माणूस सावध राहत नाही, असं ते म्हणत. पहिली माझी पाळी. चहाही मीच करून आणला.

"टूरवाल्याला फोन केलास?"

"नाही हो."

"मग कप का हलतोय?"

"तुम्ही असं बघताय म्हणून."

"सगळे असंच म्हणतात," हे म्हणाले आणि नजर काढली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना कधी घाबरले नव्हते. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मलाच वाटू लागलं, आपण चुकून फोन केला तर नाही ना?

मग सुनेला बोलावलं. तिने चहाला हात लावला नाही.

"बाबा, मला विचारायचं असतं तर तुमच्या तोंडावर विचारलं असतं. आजींचं वय झालंय म्हणून मी त्यांच्या मागचा हिशेब करत बसते, असंच वाटतं ना तुम्हाला?"

"मी फक्त विचारतोय."

"मग माझी जागा रद्द करा. मला नाही यायचं."

ती आत गेली आणि बॅगेत भरलेले स्वेटर काढून पलंगावर टाकले. मुलगा कामावरून आला, त्याला कळलं, तो दारातूनच म्हणाला, "पप्पा, हे घर आहे, ठाणं नाही."

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "माझे गुडघे दुखतात. मी येत नाही. तुम्ही जा सगळे, भांडू नका."

गुडघे तर त्यांचे पूर्वीपासूनच दुखत होते. आणि पशुपतिनाथाचं नाव निघाल्यापासून त्यांनीच नवं लुगडं वेगळं काढून ठेवलं होतं. एका फोनमुळे पाच जणांची सहल मोडायला आली आणि विमा राहिला बाजूला.

हे गच्चीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले.

"ती नाही," हे म्हणाले. "खरा माणूस आधी रागावतो, खोटा माणूस आधी खुलासा देतो. ही रागावली."

"मग तिला तसं सांगा."

"सांगतो. पण मग फोन केला कोणी?" आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

उलगडा दुसऱ्या दिवशी पिठाच्या घंटीवर झाला. गिरणीला इथे घंटी म्हणतात. मी बाजरीचं दळण आणायला गेले होते. तिथला घंटीवाला आत्याबाईंना बा म्हणतो. डब्याला झाकण लावता लावता तो म्हणाला, "मौसी, बा का काम हो गया? टूरवाले का कार्ड लेकर आई थी. मैंने नंबर लगा के दिया. मशीन बंद करवाई मेरी, बोली आवाज में सुनाई नहीं देता."

डबा कमरेवर घेऊन मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. यांना सांगितलं. हे खाली बसले.

"माय?"

"विचारा आता त्यांना."

"मी? मायला?"

"एवढ्या गुन्हेगारांना विचारलंत."

"त्यांच्यातली कुणी माझी माय नव्हती," हे म्हणाले. "तूच विचार."

पण मी तरी कशी विचारणार? जो शब्द विचारायचा, तोच आमच्या घरात बंद होता. तेव्हा मला कळलं, त्यांनी घंटीवर जाऊन फोन का केला. घरात बोलायला त्यांनीच बंदी घातली होती आणि त्या बंदीत त्याच अडकल्या होत्या.

दुपारी आम्ही दोघी सांजोऱ्या करायला बसलो. त्या सारण भरत होत्या, मी लाटत होते. पाचसहा सांजोऱ्या झाल्यावर मी परातीकडेच बघत म्हटलं, "आत्याबाई, ते विमावाले सांगतात म्हणे, माणूस कुठेही असो, कसाही असो, घरी आणून पोचवतात."

त्यांचा हात थांबला.

"तापीपर्यंत?"

मी हो म्हणून मान हलवली. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

मग त्या हळूहळू बोलल्या. त्यांचं माहेर खानदेशात तापीच्या काठचं. पाणी भरायला, धुणं धुवायला, पोहायलाही तापीच. लग्न होऊन सुरतेला आल्या तर इथेही तीच नदी. माझे सासरे गेले तेव्हा त्यांनाही तापीकाठीच नेलं. "मी पण तिच्याच काठी जाणार, असं धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "तिकडे डोंगरात काही झालं, तर तुम्ही तिथेच कुठल्या नदीवर उरकून याल."

"आम्ही असं करू का?"

"तुम्ही काय कराल? मागे बमरोलीच्या लूमवरचा तो मराठवाड्याचा माणूस गेला, तेव्हा त्याला गावी न्यायला मी पदर पसरून दारोदार फिरले. गल्लीने दिलं म्हणून त्याची गाडी निघाली." आणि मग आमच्या अहिराणीत म्हणाल्या, "आठे गल्ली शे. तठे कोन शे?"

इथे गल्ली आहे, तिथे कोण आहे? हे दाराआड उभं राहून सगळं ऐकत होते. नोकरीत अशी किती प्रेतं यांनी गावोगाव पोचवली होती. दाखला, पंचनामा, गाडी, बर्फ, सगळं त्यांना पाठ. बाहेर येऊन मायसमोर उकिडवे बसले.

"माय, विमा काढतो. आणि विमा असो नसो, मी आहे."

"तू आहेस. पण तुलाच काही झालं तर?"

ठाण्यात यांना असा उलट प्रश्न कुणी विचारला नसेल. मग आत्याबाईंनीच जीभ चावली, उजव्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापटी मारली आणि मिठाच्या चिमटीने यांची दृष्ट काढली.

संध्याकाळी हे सुनेच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, माझा तपास चुकला." सून म्हणाली, "चहा गार झाला होता बाबा, म्हणून प्याले नाही. आज गरम द्या." यांनी स्वतः केला. साखर विसरले. तिने तसाच प्यायला.

शनिवारी विम्याचा माणूस घरी आला. आत्याबाईंना देवळात पाठवलं होतं. यांनी बीपी आणि साखर दोन्ही सांगून टाकलं. तो म्हणाला, "काका, इतना सब मत लिखवाओ." हे म्हणाले, "खोटा जबाब कोर्टात सगळ्यात आधी फुटतो. लिही." मग विचारलं, परत आणायचं कलम कुठे आहे. त्याने दाखवलं. यांनी विचारलं, काही बीपीमुळे झालं तर ते कलम लागू होतं का? तो म्हणाला, अपघात झाला तर नक्की, बाकी कंपनी बघेल. म्हणजे हो की नाही? तो म्हणाला, बघेल. हे माझ्याकडे बघायला लागले, मी यांच्याकडे. इतका गोंधळलेला चेहरा यांचा मी कधी पाहिला नव्हता.

"काय करू?" यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"घ्या," मी म्हटलं. "गल्लीसुद्धा आधी कुठे सांगते, की देईन म्हणून."

आम्ही विमा घेतला. निघताना सुनेने सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवलं, सगळ्यांनी "येतो" म्हटलं. आत्याबाईंनी पशुपतिनाथ पाहिला, थंडीला शिव्या दिल्या, आणि त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. विम्याने तिकडे पैसे दिले असते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. यांनाही नाही. पण त्या चौकशीतून यांनी एक गोष्ट धरली, ती त्यांच्याच तोंडची लिहिते. गुन्हा शोधताना कोणी केला हे आधी विचारतात, पण घरात आधी विचारावं की भीती कशाची आहे. मी तेवढं हुशारीचं बोलू शकत नाही. मला एवढंच समजलं की जो माणूस एखादा शब्द घरात काढू देत नाही, त्याच्याच मनात तो सगळ्यात जास्त असतो.

परतीची गाडी खंडव्याकडून येत होती. भुसावळच्या अलीकडे तापीचा पूल लागला. सकाळची वेळ, खाली लांबरुंद पाणी. आत्याबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. त्यांनी कनवटीचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि गजातून खाली सोडलं. पूल संपेपर्यंत हात जोडून राहिल्या. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या,

"आते तुमना इमा बंद करा. आठून पुढे मी मन्ही जासू."

इथून पुढे माझी मी जाईन.