उपरण्याखालचा हात

काष्टीच्या बाजारात भीमाअण्णांनी आयुष्यभर जनावरांची दलाली केली आणि आयुष्यभर आरडाओरडा केला. साठी ओलांडल्यावर रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी दिली, पुण्यातल्या मुलाने, रविराजने, ध्यान दिलं. नगरच्या एका मंगल कार्यालयात ध्यानाचं शिबिर होतं. एरवी जिथे पंगती उठतात तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडी घालून बसली होती आणि एक सर माईकवरून शांतता सांगत होते. "श्वासाकडे बघा. कशालाही धरून ठेवू नका. सोडून द्या."

सोडण्यासारखं आपल्याकडे काय आहे, याचा विचार करत अण्णा एसटीने परतले. तंबाखू सुटत नव्हती. दलाली पोटाची होती. घर येईपर्यंत सापडलं: बायकोची म्हैस.

शेवंताला मनकर्णाबाईंनी रेडकू असल्यापासून वाढवलं होतं. आता ती भाकड होती.

"आसक्ती वाईट," अण्णा म्हणाले. "शनवारी बाजारात नेतो तिला."

"कुनाची आसक्ती?"

"तुजी."

"माजी हाय तर मी सोडीन. तुमी का सोडताय?"

अण्णांनी डोळे मिटले.

"भाकड म्हस कोन कशाला नेतं, ते सांगा डोळं उघडून."

अण्णा श्वासाकडे बघत राहिले. शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं, पण ध्यानाचा मोठा फायदा त्यांना आपोआप कळला होता: मिटलेल्या डोळ्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

आठवडाभर बाई ओरडत होत्या आणि अण्णा शांत होते. रक्तदाब उतरला. रविराज फोनवर खूश झाला. घरातला रक्तदाब खरं तर होता तेवढाच होता, फक्त माणूस बदललं होतं.

शनिवारी सकाळी मात्र मनकर्णाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी म्हैस धुतली, शिंगांना तेल लावलं आणि दावं नवऱ्याच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत अण्णा पहिल्यांदाच शिव्या न खाता बाजाराला निघाले. वाटेत ते सारखे मागे वळून बघत होते.

बाजारात श्रीमंत नावाचा दलाल पुढे आला. इथे भाव तोंडाने होत नाही. हातावर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून बोलतात. वर चेहरे काही कळू देत नाहीत. अण्णांचा चेहरा तर आज पुसलेल्या पाटीसारखा होता. शिबिराच्या सरांनी त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला असता.

श्रीमंतने बोटं चाचपली. थांबला.

"अण्णा, तोंड बर्फाचं हाय, पन हाताला पानी सुटलंय."

"उकडतंय."

"जानेवारीत?"

अण्णा म्हशीच्या शिंगांकडे बघू लागले.

"अन् मूठ का वळलीया? मुटीला भाव कसा सांगू मी?"

अण्णांनी मूठ उघडायचा प्रयत्न केला. श्वास आत, श्वास बाहेर. सोडून द्या. मूठ सुटेना. ते इतके दिवस श्वासाकडे बघत होते, हाताकडे बघायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हस कुनाची ही?"

"घरची."

"वैनींनी धाडली?"

अण्णांनी सवयीने डोळे मिटले. पण बाजारात डोळे मिटणारा दलाल एक तर आजारी असतो, नाही तर लबाड. श्रीमंतने उपरणं काढून त्यांच्याच खांद्यावर टाकलं.

"न्या माघारी. तिच्यापरीस तुमीच जास्त थकल्याले दिसताय."

दुपारी अण्णा दारात आले. मनकर्णाबाई ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"आनली माघारी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अगं, शेवंता आनलीय."

"श्वासाकडं बघतीया," त्या संथपणे म्हणाल्या.

अण्णा दावं धरून उन्हात उभे राहिले. कानाशी रक्त ठणकू लागलं. शेवटी ते ओरडले, पूर्वीसारखे, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे. "बोल की कायतरी."

शेवंताने कान हलवले. मनकर्णाबाईंनी एक डोळा उघडला, आधी म्हशीला न्याहाळलं, मग नवऱ्याला.

"पेंड संपलीया घरात. एवड्या बाजाराला जाऊन रिकाम्या हातानं आलाव? अन् उन्हात काय हुबं केलंय तिला, तुमच्यागत तिचं बी डोकं फिरवायचंय का?"

अण्णांनी म्हैस सावलीला बांधली आणि पेंड आणायला पुन्हा बाजाराची वाट धरली. मागून शिव्या येत होत्या, पार वळणापर्यंत. वळणावर ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा अण्णा थोडं थांबले.