बोंडावरचं भोक

बाभुळगावात माझं फ्लेक्सचं दुकान होतं, म्हणून मी स्वतःला कलाकार समजायचो. घरचे समजत नव्हते. गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी थोरल्या वहिनी दुकानात आल्या. शेती त्याच बघायच्या. मोबाइलवर एका बोंडाचा फोटो होता. कृषी कार्यालयातल्या साहेबांनी ‘यात काही दिसत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. आता पंचनामा होईस्तोवर गावातल्या बाया त्या फोटोचा फ्लेक्स लावून कार्यालयासमोर धरणं धरून बसणार होत्या.

“रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे, भाऊजी.”

मी फोटो ताणून दहा फुटांचा केला, छापला आणि ऐटीत उलगडला.

“हे बोंड हाय का चिक्की?” वहिनी म्हणाल्या.

मशीन बिघडलं, असं सांगून पाहिलं. खरं म्हणजे फोटो नुसत्या रंगीत चौकोनांचा. मोठा केला की चौकोनच मोठे होतात. वहिनींना ते लगेच उमगलं.

“माह्या मॅटीच्या कापडावर भरलेल्या मोरासारखं. लांबून मोर, जवळून टाके.”

मग फोटोवरून माऊसनं कड गिरवायला घेतली. गिरवलेल्या चित्रात कॉम्प्युटर चौकोन नाही, रेषेचं वळण लक्षात ठेवतो. चित्र नखाएवढं करा की भिंतीएवढं, कड फाटत नाही. दुपारभर खपून बोंड असं देखणं केलं की बियाण्याच्या पाकिटावर शोभावं.

“भोक कुठी गेलं?” वहिनींनी विचारलं.

फोटोत अळीचं भोक म्हणजे चार-पाच काळे चौकोन होते. मी कचरा समजून वगळले होते.

“साहेबाले दिसलं नाही, अन् तुम्ही तर पुसूनच टाकलं! मंग मी तिथं बसू कायले?”

पिशवीतून किडकं बोंड काढून त्यांनी कीबोर्डवरच ठेवलं. ते बघून मी भोक गिरवलं, त्याच्या वाकड्या कडेसकट. चित्र मनचं आहे असं कोणी म्हणू नये म्हणून कोपऱ्यात मूळ फोटो ठेवला, होता तेवढाच.

फ्लेक्स लावून बाया बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेब कार्यालयाबाहेर आले. “एवढं मोठं कशाला? लहान लावा.”

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. “भाऊजी, लहान होते का?”

“होते. पाहिजे तेवढं.”

“मंग कराच. एकेका बाईच्या छातीवर लावतो. भोक तं दिसनारच, साहेब.”

रुपयाएवढे बिल्ले केले. साहेबांनी पंचनाम्याचा दिवस सांगितला तेव्हा एक माझ्याही शर्टावर होता. घाईत उलटा लागला होता, पण भोक दिसत होतं.