दुसऱ्या गिअरची रिंग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा मनात आलं, चला, आता सांगायला कुणी उरलंच नाही — आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा खंडेनवमी झाली म्हणून.

खडकीत माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे आपली पत्र्याची शेड. गिअरबॉक्सची कामं करतो. गिअरबॉक्स उतरवायला खरं तर दोन माणसं लागतात — एकाने धरायचा, दुसऱ्याने बोल्ट सोडायचे. मी साखळीला टांगून एकटाच उतरवतो. गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक वाटतं. त्यात कौतुक कसलं?

पूर्वी दुसरा माणूस होता. शशी, माझा भागीदार. मी जोडणारा, तो घडवणारा. जो पार्ट बाजारात मिळत नाही तो शशी लेथवर बनवायचा. तोंडाने महाफटकळ. मीही काही कमी नव्हतो. दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि दुपारी एका डब्यात जेवायचं, असा आमचा संसार. मित्र म्हणावा असा मला तेवढा एकच मिळाला.

मांजरीच्या घुलेकाकांची रोपांची नर्सरी. त्यांच्याकडे एक जुना जपानी छोटा ट्रक होता, कुठल्याशा परदेशी कंपनीने पुण्यातून गाशा गुंडाळताना विकलेला. काकांचा त्याच्यावर भारी जीव. त्याचा दुसरा गिअर खरखरायला लागला. गिअर पडताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आत एक पितळी रिंग असते, ती झिजली होती. मिळणार कुठे? शशीने पितळेतून नवी घडवली. बारीक दात कानशीने एकेक घासले. झाल्यावर रिंग उजेडात धरून म्हणाला, ‘‘बघ. आता जोडताना तू माती नको खाऊस.’’

ते वाक्य मला झोंबलं. त्याचं बोलणं नेहमीचंच होतं — मग त्याच दिवशी का झोंबावं?

त्या गिअरबॉक्सचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. असं काम आलं की आमची एक रीत होती. खोललेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने चादरीवर मांडायचा, वरची बाजू वरच ठेवायची. मग काम पुरं होईपर्यंत चादरीला हात लावायचा नाही. तीच चादर आमचं पुस्तक.

तेवढ्यात खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. शशी झेंडू आणायला गेला आणि मी शेड झाडायला घेतली. चादर मध्ये येत होती. मी ती उचलली. सगळे भाग पुसले, पुन्हा ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं. होतं तसंच मांडलंय — असं म्हटलं स्वतःशी. फक्त एका स्लीव्हपाशी हात थांबला. गिअर बदलताना त्या रिंगवर पुढेमागे सरकते ती पोलादी स्लीव्ह. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात, पण सारख्या नसतात; उलटी बसली तर गिअर धरून राहत नाही. कुठली वर होती? शशी आला की विचारता आलं असतं. पण मग चादर उचलल्याचं सांगावं लागलं असतं, आणि त्याचं ते तोंड ऐकावं लागलं असतं. मी विचारलं नाही. पूजा झाली. पुढे गिअरबॉक्स मीच जोडला.

पुढच्याच आठवड्यात काका सासवडहून रोपं भरून येत होते. दिवे घाटाच्या उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटला आणि इंजिनाचा आवर गेला. ब्रेक पुरेनात, तेव्हा काकांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. वाचले. पाय मोडला, तो कायमचा अधू राहिला.

शशी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसला होता आणि इकडे ट्रक ओढून माझ्याकडे आणला होता. मी गिअरबॉक्स खोलला. स्लीव्ह उलटी होती. रिंग — रिंगला ओरखडा नव्हता.

मी काय केलं? स्लीव्ह सुलटी केली. हात धुतले.

संध्याकाळी शशी आला. दारातच उभा राहिला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘‘माझी रिंग गेली, ना रे?’’

मी म्हणालो, ‘‘हो.’’

एवढंच. बघू म्हणाला, तर म्हटलं भंगारात टाकली. तो मला शिव्या देईल, निदान टोमणा मारेल म्हणून थांबलो होतो. तो खाली बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं की नाही? मग तीच रिंग परत बसवली आणि सगळ्यांना सांगितलं, मुंबईच्या जुन्या बाजारात अस्सल जपानी मिळाली.

शशीने लेथ विकला. हिंजवडीत एका कंपनीच्या बसतळावर बस मागे घेताना तो शिट्टी वाजवतो. कधी पार्टचा विषय निघाला की म्हणतो, ‘‘नको बाबा, माझ्या हाताने माणूस मरायचा.’’ टोमणे त्याने सोडून दिले. माझ्याशी इतका जपून बोलतो की मला बसवत नाही.

पण खंडेनवमीला झेंडू घेऊन तो येतोच. परवाही आला. घुलेकाका ट्रक पूजेला घेऊन आले. शशीने धावत जाऊन त्यांना हात देऊन उतरवलं, दरवर्षी उतरवतो तसं, त्या पायाकडे न बघता.

काका म्हणाले, ‘‘दुसरा गिअर आजून लोण्यावानी पडतोय बरं का. लय भारी रिंग हाय.’’

शशीने बॉनेटवर हात फिरवला. ‘‘अस्सल माल, काका. तो मला कुठला जमायला?’’

माझ्या हातात कुंकवाची कोयरी होती. मी ट्रकला टिळा लावला.

दोघे एकाच ट्रकमधून गेले. गल्लीच्या चढावर काकांनी दुसरा गिअर टाकला. कसलाही आवाज झाला नाही.

ती रिंग शशीची आहे. स्लीव्ह मी उलटी बसवली होती.