पालेकरांचा पाच वाजताचा चहा

नंदकुमार पालेकरांच्या ओट्यावर काचेचं एक मोजपात्र होतं. तळोज्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ कुठे गेलं त्याचा पत्ता नाही, पण हे नवंकोरं मोजपात्र मात्र त्यांनी हौसेने मागून आणलं होतं. पुढे त्यात स्वतःचं पिण्याचं पाणी मोजायची वेळ येणार, हे तेव्हा त्यांना काय ठाऊक!

मधुमेहाने त्यांच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी केल्या. लघवी जवळजवळ बंद झाली आणि प्यालेलं पाणी अंगातच साठू लागलं, आधी पावलांवर, मग छातीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी चार-चार तास डायलिसिसचं मशीन ते पाणी काढून रक्त साफ करायचं. डॉक्टरांनी दिवसाला साडेसातशे मिलीची मर्यादा घातली होती. चहा, ताक, आमटीचं पाणी, सगळं त्यातच. पालेकर सकाळी तेवढी बाटली भरून ठेवत आणि बाहेर कुठे काही प्याले, की घरी येऊन बाटलीतलं तितकं पाणी मोजून गवती चहाच्या कुंडीत ओतत. बायको गेल्यापासून घरात त्यांच्यावर लक्ष ठेवणारी ही बाटलीच. मुलगी क्षिप्रा बंगळुरूला. ती रविवारी फोनवर वजन विचारायची, अंगात पाणी किती साठलं ते कळायला.

तहान त्यांनी सोसली. सोसवलं नाही ते वेगळंच. जुईनगरच्या त्या सोसायटीत त्यांचं संध्याकाळचं बसणं-उठणं चहावर चालायचं. आजार कळला आणि शेजारी फार प्रेमाने वागू लागले. "काकांना चहा नको हां, त्यांना चालत नाही." मग बोलावणंच बंद झालं, कारण ज्याच्यापुढे कप ठेवायचा नाही त्याला बसा तरी कसं म्हणायचं? कोणी एका शब्दाने दुखावलं नाही, आणि वर्षभरात एकही दार उरलं नाही. जिन्यात भेटले की सगळे म्हणत, "आराम करा." अहो, आरामच तर चालला होता! उठून जायचं कुठे, तेच कळत नव्हतं.

अशात समोरच्या फ्लॅटमध्ये भागीरथी आली. जवळच्याच गावातली. तिचं जुनं घर पाडून तिथे इमारत उठत होती, म्हणून ती आणि तिचा मुलगा हितेश वर्षभरासाठी भाड्याने राहायला आले होते. पहिल्याच दिवशी पाच वाजता तिने हाक मारली, "भाऊ, चाय टाकलाय. या." पालेकरांनी चपला सरकवल्या, आणि दारातून परत फिरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. डाव्या हातावर डायलिसिससाठी केलेली फुगलेली शीर होती. ती दिसली की हाही चहा गेलाच.

तेव्हापासून मे महिन्याच्या घामातही बाही मनगटापर्यंत. तीन दिवस सकाळी कुठे जाता विचारलं, तर "रबाळ्याला, नव्या पोरांना शिकवायला." साठी उलटलेल्या माणसाने अशी थाप मारावी! दिवसभर जीभ टाळूला चिकटली तरी ऐंशी मिली ते राखून ठेवत. तेवढा एक कप. भागीरथी गावच्या मिठागरांचं सांगायची, गेलेल्या नवऱ्याच्या तऱ्हा सांगायची, आणि पालेकर घोट-घोट करत तो कप अर्धा तास पुरवत. तो अर्धा तास सोडला तर दिवसभर त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे.

एका रविवारी ती तांब्या भरून घेऊनच आली.

"घर पारला, पन दारातला नारल ठेवलाय आमी. त्याचा पानी हाय. उन्हाचा बरा असतो. प्या एका दमात!"

शहाळ्याचं पाणी! त्यातलं पोटॅशियम बंद पडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचतं आणि हृदयाचा ठोका चुकवतं. त्यातून शनिवार ते मंगळवार हा मशीनशिवायचा सर्वांत लांब खंड. पालेकरांना हे तोंडपाठ होतं. पण नको म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि सांगितलं की संपलं. त्यांनी तांब्या रिकामा केला.

सोमवारी सकाळी पायांतलं बळ गेलं, श्वास पुरेना. भिंत धरत त्यांनी समोरची बेल वाजवली. हितेशने गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये नर्सने बाही वर सारली तेव्हा भागीरथी शेजारीच उभी होती.

"आमाला सांगाचा नाय?" ती रडत होती आणि चिडलीही होती. "माझ्या हातानं मेला असतात ना तुमी!"

मशीनवर घेतलं, जीव वाचला. बुधवारी पालेकर घरी आले. पाच वाजले. हाक आली नाही. साडेपाचला समोरच्या दारामागे कप वाजले आणि पुन्हा शांत झालं. भागीरथीच्या मनात काय असेल ते पालेकरांना पुरतं कळत होतं. ती त्यांना जपत होती, बाकी सगळ्यांसारखीच. इतकं एकटं त्यांना हॉस्पिटलच्या खाटेवरही वाटलं नव्हतं.

मग ते उठले. मोजपात्राने मोजून ऐंशी मिलीचा चहा केला आणि दोन कपांत अर्धा-अर्धा ओतला. अंगात अर्ध्या बाह्यांचाच शर्ट होता; तो त्यांनी बदलला नाही. दोन्ही हातांत कप, म्हणून बेल कोपराने दाबली.

भागीरथीने दार उघडलं. आधी त्या हाताकडे पाहिलं, मग कपांकडे.

"येवराच?"

"प्यायला एवढाच चालतो," पालेकर म्हणाले. "बसायला पुरेल का?"

तिने एक कप घेतला, पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा," ती म्हणाली. "पन सावकास प्या."