थांबासर आणि तीस मीटर

आमच्या ह्यांना मैदानावर सगळे थांबासर म्हणतात. पोरं वेगात पळायला शिकायला येतात आणि हे पहिला महिनाभर त्यांना थांबायलाच शिकवतात. गुडघे वाकवा, पावलं आखूड करा, थांबा, वळा. पालक वैतागून घरी फोन करतात, आणि तो उचलते मी. "वहिनी, आमची मुलगी पळणार कधी?" मला काय विचारता! सोळा वर्षं मीही वाटच बघतेय.

शंकू मांडायचे तर आधी टेप लावायची, मग तेच अंतर चालून बघायचं. तीस मीटरला ह्यांची बरोब्बर चाळीस पावलं. घरी पाहुणे ताटकळले तरी ह्यांचं चालणं संपत नाही. गेला महिना मात्र गुडघा दुखत होता, म्हणून नुसती टेप. नेमकी त्याच महिन्यात सगळ्यांची वेळ सुधारली. आमची लेक तर चार पूर्णांक आठ सेकंदांवर आली. निवड चाचणीला चार पूर्णांक नऊ पुरत होते. तिचं नाव पाठवलं, घरात आनंदीआनंद.

परवा गुडघा बरा झाला आणि हे चालले. एकोणचाळीस पावलं. पुन्हा चालले, पुन्हा तेवढीच. मग टेपचं टोक डोळ्यांशी नेलं, तर पहिला मीटर गायब!

"चूक माझी," ह्यांनी सगळ्या पालकांसमोर सांगितलं. "महिनाभर पोरं एकोणतीसच मीटर पळाली."

लेक पूर्ण तीस मीटर पळाली. चार पूर्णांक शहाण्णव. ह्यांनी तिथूनच फोन करून तिचं नाव मागे घेतलं.

"अहो, डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो!" मी कपाळावर हात मारला.

"बाकीच्या पोरी पूर्ण तीस पळून आल्यात."

लेकीनं बापाशी अबोला धरला. मी उलट दोन दिवस तोंड वाजवत राहिले. एवढे काटेकोर ना तुम्ही? साधी टेप बघता येत नाही?

आज शिवणाचा डबा उघडला. आत मीटरभर टेपची गुंडाळी. पडद्यांचं माप घेताना टोक चिरलेलं दिसलं, म्हणून मीच कापलं होतं. सांगायचं साफ विसरले.

तुकडा ह्यांच्यापुढे टाकला.

"माहीत होतं," हे म्हणाले. "कड सरळ होती. तुझ्याच कात्रीची."

"मग गप्प का बसलात?"

"लावण्याआधी टोक बघणं माझं काम. शिवाय ती तुझ्याशी तरी बोलतेय. दोघांवरही रुसली तर वेणी कुणाकडून घालून घेईल?"

अस्सा संताप आला म्हणून सांगू! ह्या माणसाशी धड भांडताही येत नाही. तुकडा मुठीत धरून मी लेकीचं दार वाजवलं.

"आई, वेणी घालायला आलीस?"

"घालते," मी म्हटलं. "पण आधी हे बघ."